पवईची वसतिगृहे : आयआयटी मुंबईतील मैत्रीचा आणि मौजेचा इतिहास

मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडची आयआयटी, आरंभापासून निवासी संस्था आहे. दादर-गिरगावात स्वतःचे घर असलेला मुलगाही प्रवेश मिळाला की गादी, ट्रंक आणि बादली घेऊन पवईला राहायला जातो, असा इथला रिवाज. त्यामुळे या संस्थेच्या इतिहासाचे दोन भाग पडतात. एक भाग वर्गात, प्रयोगशाळेत आणि कार्यशाळेत घडला व तो अहवालांतून नीट नोंदला गेला. दुसरा वसतिगृहांत घडला. तो विद्यार्थ्यांच्या आठवणींत, खोल्यांच्या भिंतींवर आणि निरोपसमारंभांतील भाषणांत राहिला. इथे विचार आहे तो या दुसऱ्या भागाचा.

संस्थेचे काम जुलै १९५८ मध्ये सुरू झाले तेव्हा पवईला राहण्याजोगे काहीच नव्हते. पहिल्या तुकडीचे शंभर विद्यार्थी वरळीला, सिल्क व कृत्रिम धाग्यांवर संशोधन करणाऱ्या ‘सस्मिरा’ या संस्थेच्या इमारतीत शिकू लागले. तेव्हाच्या मुंबई राज्य सरकारने पवईला साडेपाचशे एकर जमीन दिली होती. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिथे पायाभरणी झाली. सोव्हिएत संघाने युनेस्कोमार्फत यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ पुरवले. इमारती उभ्या करण्याची आणि संस्था चालवण्याची जबाबदारी भारत सरकारने उचलली. या उभारणीची आखणी करणाऱ्यांत पुरुषोत्तम काशिनाथ केळकर प्रमुख होते. पुढे ते आयआयटी कानपूरचे पहिले संचालक झाले आणि १९७० ते १९७४ या काळात संचालक म्हणून पवईला परतले. कानपूरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे.

पवईची जागा कशी होती, हे समजून घेतल्याशिवाय तिथल्या वसतिगृहांचा स्वभाव कळत नाही. एका बाजूला १८९१ साली बांधलेला पवई तलाव, दुसऱ्या बाजूला त्याहून जुना विहार तलाव, मागे डोंगर आणि त्यापलीकडे आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल. आवारात तलावाकाठी पद्मावती देवीचे जुने मंदिर आहे. तलावात मगरी आहेत, जंगलातून बिबळ्या अधूनमधून उतरतो, माकडे उघड्या खिडकीतून शिरून टेबलावरचा खाऊ पळवतात आणि मोकाट गुरे रस्त्याच्या मधोमध बसून राहतात. हिरानंदानीच्या उंच इमारती फार नंतरच्या. साठ-सत्तरच्या दशकांत संध्याकाळनंतर पवईहून मुंबई गाठायची म्हणजे बसने विक्रोळी किंवा कांजूरमार्ग स्टेशन आणि तिथून लोकल. नाटक-सिनेमा पाहून परतायचे तर शेवटच्या बसवर डोळा ठेवावा लागे. हाताशी असलेले शहर रोजच्या वापरासाठी लांब होते. करमणूक विकत घ्यायची सोय नव्हती, म्हणून ती आवारातच घडवावी लागली. पवईच्या वसतिगृहांतून जे जे उभे राहिले, त्या सगळ्याचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

वसतिगृहांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. बोलताना विद्यार्थी त्यांना ‘एच वन’, ‘एच फोर’ म्हणतात. सरकारी हिशेबाला क्रमांक पुरतो, राहणाऱ्यांना पुरत नाही. म्हणून प्रत्येक वसतिगृहाने स्वतःला बिरूद लावून घेतले. एक नंबरचे वसतिगृह ‘क्वीन ऑफ द कॅम्पस’, चार नंबरचे ‘मॅडहाउस’, तलावाजवळचे सात नंबरचे ‘लेडी ऑफ द लेक’, नऊ नंबरचे ‘नवाबों की बस्ती’, मुलींचे दहा नंबरचे ‘फीनिक्स’. बिरुदे टी-शर्टांवर छापली जातात, सामन्यांत घोषणा म्हणून दिली जातात. पंचवीस वर्षांनी भेटलेले दोन माजी विद्यार्थी एकमेकांची पदवीची शाखा विचारण्याआधी वसतिगृहाचा क्रमांक विचारतात.

वसतिगृहापेक्षाही लहान आणि जवळचे एकक म्हणजे विंग. एका मजल्याचा एक हात, त्यावर ओळीने खोल्या, समोर लांब व्हरांडा आणि टोकाला सगळ्यांचे मिळून एक न्हाणीघर, अशी जुन्या वसतिगृहांची रचना. बहुतेक खोल्या एकट्यासाठीच्या होत्या. तरी तिथे एकटेपणा फारसा वाट्याला येत नसे, कारण दारे दिवसभर उघडी असत. सकाळी दात घासायला गेलेला मुलगा न्हाणीघराच्या रांगेत आदल्या रात्रीच्या क्रिकेट सामन्यावर वाद घालून परत येई. कोणाच्या खोलीत टेपरेकॉर्डर असे, कोणाकडे इस्त्री, कोणाकडे चांगल्या अक्षरातल्या वह्या. हळूहळू या वस्तूंची मालकी नावापुरती उरे. घरून आलेला चिवड्या-लाडवांचा डबा ज्याच्या नावे आला त्याच्या हाती एखादा लाडू लागला तरी नशीब. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तर सोलापूरची शेंगदाणा चटणी, केरळचे केळ्याचे वेफर्स, बंगालचा संदेश आणि राजस्थानची भुजिया एकाच वर्तमानपत्रावर पसरलेली दिसत. देशाच्या भूगोलाचा असा धडा कोणत्याही शाळेत मिळत नाही.

इथे येणारा प्रत्येक जण आपल्या गावात, आपल्या शाळेत पहिला आलेला असतो. पवईला आल्यावर पहिल्या सत्रातच त्याला कळते की शेजारच्या खोलीतला मुलगा आपल्यापेक्षा गणितात वरचढ आहे आणि त्याच्या पलीकडचा त्याच्यापेक्षाही. हा धक्का लहान नाही. श्रेणी बहुधा वर्गातील इतरांच्या तुलनेत ठरते, त्यामुळे कागदोपत्री शेजारी हा प्रतिस्पर्धीच. तरीही परीक्षेच्या आदल्या रात्री विंगेत जे घडते ते या हिशेबाच्या अगदी उलट असते. ज्याला विषय समजला आहे तो व्हरांड्यात बसून पाच-सहा जणांना समजावतो, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका हातोहात फिरतात आणि पहाटे कोणीतरी चहाची फेरी काढतो. रात्रंदिवस पुस्तकात डोके घालणाऱ्याला ‘मग्गू’ म्हणून चिडवायचे आणि परीक्षा आली की त्याच्याच दारात रांग लावायची, हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. शिकवणाऱ्या मुलालाही त्यात तोटा नसे. दुसऱ्याला समजावताना विषय स्वतःच्या डोक्यात पक्का होतो, हे तिथे कोणी कोणाला सांगावे लागले नाही. पवईच्या वसतिगृहांचे सर्वांत मोठे शैक्षणिक काम या व्हरांड्यांत झाले आहे. व्याख्यानांइतकाच मान त्याला द्यायला हवा.

मराठी वाचकाला या जीवनाचा जवळून परिचय करून देणारे लेखक म्हणजे अच्युत गोडबोले. सोलापूरहून आलेल्या गोडबोल्यांनी १९७२ साली पवईतून केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि ‘मुसाफिर’ या आत्मकथनात त्या दिवसांवर विस्ताराने लिहिले. लहान शहरातून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी बोलणाऱ्या, पाश्चात्य साहित्य आणि संगीत यांची सहज चर्चा करणाऱ्या मुलांमध्ये वाटणारा न्यूनगंड आणि मग त्याच मित्रांच्या संगतीत वाचनाची, विचारांची खुली झालेली दारे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. पुढे त्यांनी अर्थशास्त्र, विज्ञान, संगीत, मानसशास्त्र अशा विषयांवर मराठीत जे विपुल लेखन केले, त्या कुतूहलाची पेरणी अभ्यासक्रमापेक्षा वसतिगृहातल्या रात्रीच्या गप्पांत झाली, असे मानायला भरपूर जागा आहे. त्या काळी बी.टेक. पाच वर्षांचे होते. अठराव्या वर्षी आलेला मुलगा तेविसाव्या वर्षी बाहेर पडे आणि मधली पाच वर्षे तीच माणसे त्याच्या आजूबाजूला असत. मैत्री मुरायला इतका अवधी नंतरच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात उरला नाही.

मेस हे प्रत्येक वसतिगृहाचे दुसरे केंद्र. वॉर्डन हे प्राध्यापक असतात. पण मेस, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम आणि एकूण कारभार पाहणारे सचिव विद्यार्थ्यांनी आपल्यातूनच निवडलेले असतात. वसतिगृहांच्या प्रश्नांसाठी संपूर्ण संस्थेच्या पातळीवरही एक निवडून आलेला सरचिटणीस असतो. मेस सचिवाचे पद सर्वांत कठीण, कारण त्याच्या कामाचा निकाल दिवसातून तीन-चार वेळा ताटात वाढला जातो. सांबार पातळ झाले, पोळी कडक निघाली, पनीरचे तुकडे मोजकेच आले की तक्रार थेट त्याच्या खोलीवर. ठेकेदाराशी घासाघीस करणे, किराण्याचा हिशेब पाहणे, दक्षिणेकडच्यांना भात आणि उत्तरेकडच्यांना पराठे हवेत यातून मार्ग काढणे हे सगळे एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा करतो. व्यवस्थापनाचा याहून खडतर वर्ग नसेल. सणावाराला किंवा सत्राच्या शेवटी होणारी ‘फीस्ट’ हा त्याच्या कारकिर्दीचा कळस. त्या दिवशीच्या ताटावरून सचिवाचे नाव वर्षभर चांगले किंवा वाईट राहते.

मेस बंद झाल्यावर भूक लागते, हा तरुण वयाचा नियम. त्यासाठी वसतिगृहांतली रात्रीची कँटीने आहेत. मॅगी, अंडाभुर्जी, चीज सँडविच आणि कटिंग चहा यांच्या भोवती पहाटेपर्यंत गर्दी असते. कंटाळा आला की मुख्य गेटबाहेरचा वडापाव किंवा वाय-पॉइंटकडची फेरी असते आणि पावसाळ्यात समीर हिलची चढण. पवईचा पाऊस आडवातिडवा येतो. तलाव भरून वाहू लागला की अख्खी विंग भिजायला बाहेर पडते आणि मग दोन दिवस व्हरांड्यात ओल्या कपड्यांच्या दोऱ्या लटकतात. वाढदिवसाच्या मध्यरात्री बारा वाजता वाढदिवसवाल्याला आधी धपाटे आणि लाथा, मग केक आणि शेवटी त्याच्याच खिशातून सगळ्यांना खाणे, हा विधी कोणत्याही पत्रिकेशिवाय दरसाल पार पडतो.

या रोजच्या मौजेला स्पर्धेचे रूप आले ते आंतर-वसतिगृह सामन्यांतून. खेळ, कला आणि तंत्रज्ञान या तिन्ही क्षेत्रांत वर्षभर गुण जमा होतात आणि त्यावरून ‘जनरल चॅम्पियनशिप’, म्हणजे ‘जीसी’, ठरते. इथे संस्थेची सुवर्णपदके उपयोगी पडत नाहीत. बुद्धिबळात बरा असलेला, कॅरमवर हात बसलेला, वक्तृत्वाची थोडी ओढ असलेला प्रत्येक जण वसतिगृहासाठी उतरवला जातो. हरणाऱ्या संघासाठीही गॅलरीत बसून घसा बसेपर्यंत ओरडणारे असतात. २०१९ साली आलेल्या ‘छिछोरे’ या हिंदी चित्रपटाचा गाभा हाच आहे. त्याचे दिग्दर्शक नितेश तिवारी हे पवईचेच माजी विद्यार्थी. चित्रपटातले महाविद्यालय काल्पनिक असले तरी तीन आणि चार नंबरच्या वसतिगृहांची चुरस पाहताना पवईकरांना फार काही ओळखून घ्यावे लागले नाही. चित्रीकरणाचा काही भागही याच आवारात झाला.

कलेच्या बाजूने वसतिगृहांनी घडवलेली सर्वांत अस्सल गोष्ट म्हणजे परफॉर्मिंग आर्ट्स फेस्टिव्हल, विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘पॅफ’. काही वसतिगृहे मिळून एक गट होतो आणि तो गट खुल्या रंगमंचावर एका रात्रीसाठी नाटक, नृत्य, संगीत, प्रकाशयोजना आणि नेपथ्य यांचा एकत्र प्रयोग उभा करतो. रंगमंच मोठा, प्रेक्षक दूरवर बसलेले. म्हणून संवाद बोलणारे आवाज बाजूला माईकवर असतात आणि रंगमंचावरचे नट त्या आवाजाला देह देतात. या पद्धतीमुळे एका भूमिकेत दोन माणसे लागतात आणि त्या दोघांचे श्वास जुळावे लागतात. नेपथ्यासाठी बांबू, लाकूड, कापड आणि पुठ्ठा यांच्यावर आठवडेच्या आठवडे रात्री काम चालते. कधीही रंगमंचावर न येणारी मुले खिळे ठोकतात, रंग लावतात, दिव्यांच्या तारा ओढतात. प्रयोग एका रात्रीत संपतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे उतरवले जाते. असे असूनही दरवर्षी नवी मुले त्याच उत्साहाने उतरतात, कारण त्या आठवड्यांत जुळलेली ओळख टिकते. मराठी महाविद्यालयीन रंगभूमीवर एकांकिका स्पर्धांना जे स्थान आहे, तेच पवईत पॅफला आहे. फरक इतकाच की इथे प्रेक्षक बहुतांशी घरचाच असतो आणि तो प्रयोग चुकला तर माफ करत नाही.

बाहेरच्या जगाला पवई ठाऊक झाली ती ‘मूड इंडिगो’मुळे. १९७१ साली सुरू झालेल्या या महोत्सवाचे नाव ड्यूक एलिंग्टनच्या एका प्रसिद्ध जॅझ रचनेवरून घेतले आहे. डिसेंबरच्या अखेरीस होणारा हा महोत्सव विद्यार्थीच चालवतात. देशभरातल्या महाविद्यालयांतून आलेले स्पर्धक वसतिगृहांत उतरतात. एका खोलीत चार-पाच गाद्या पसरल्या जातात आणि यजमान स्वतः मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपतो. देणगीदार कंपन्यांकडे जाणे, कलाकारांच्या तारखा ठरवणे, हजारो पाहुण्यांच्या झोपण्या-जेवण्याची सोय करणे या कामांची सवय विंगेत आणि मेसमध्ये आधीच लागलेली असते. १९७३ साली पवईत दाखल झालेले आणि पुढे उद्योजक झालेले नंदन नीलेकणी या विद्यार्थी-कारभारात पुढे होते. त्यांच्याबरोबरच १९७८ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांत म्हापशाचे मनोहर पर्रीकर होते. पुढे ते गोव्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे संरक्षणमंत्री झाले. एकाने उद्योग आणि दुसऱ्याने राजकारण निवडले, तरी दोघांची तरुण वर्षे याच आवारात गेली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर खोल्याखोल्यांत संगणक व त्यांना जोडणारे जाळे आले आणि वसतिगृहाची चाल बदलली. सिनेमे, गाणी, खेळ यांची देवाणघेवाण खोलीत बसल्या बसल्या होऊ लागली. दीक्षान्त सभागृहात एकत्र सिनेमा पाहणारी गर्दी पांगली. व्हरांड्यातल्या वादांची जागा पडद्यावरच्या नेमबाजीने घेतली. ही नेमबाजीही बहुधा शेजारच्या खोलीतल्या मुलाशीच चाले आणि मध्येच आरोळी ऐकू आली की कोण मेला ते विंगेला कळे. पण जागरणे वाढली, सकाळचे तास बुडू लागले. २००७ साली संस्थेने वसतिगृहांतील इंटरनेट रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला आणि त्याची बातमी परदेशी वृत्तसंस्थांनीही दिली. मुले खोल्यांतून बाहेर पडावीत, एकमेकांशी बोलावीत, हाही त्यामागचा एक हेतू होता. निर्णयावर विद्यार्थी चिडले. तो त्यांचा हक्कच. मात्र संस्थेला वसतिगृहातला संवाद अभ्यासाइतका महत्त्वाचा वाटला, ही नोंद इतिहासात राहायला हवी.

मुलींची संख्या पवईत अनेक दशके फार थोडी होती. इतक्या मोठ्या आवारात त्यांचे वसतिगृह एखाददुसरे, आणि एका वर्गात मुली मोजक्या. त्यामुळे मुलींच्या वसतिगृहातली मैत्री शाखा आणि वर्ष ओलांडून जाई. धाकटीला नोट्स, सायकल आणि धीर हे सगळे थोरलीकडून मिळे. देशातील सर्व आयआयटींत मुलींसाठी वाढीव जागा ठेवण्याची योजना २०१८ साली सुरू झाली आणि २०२० पर्यंत त्यांचे प्रमाण वीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरले. दहा आणि अकरा नंबरच्या वसतिगृहांत मावणारे जग त्यानंतर विस्तारले. खुल्या रंगमंचावर आणि मूड इंडिगोच्या आयोजनात मुली अग्रभागी दिसू लागल्या त्यामागे हा बदल आहे.

वाढ एकंदरच झपाट्याने झाली. इतर मागास वर्गांसाठी सत्तावीस टक्के आरक्षण २००८ पासून लागू झाले आणि आधीच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून एकूण प्रवेशसंख्या वाढवण्यात आली. शंभर विद्यार्थ्यांपासून निघालेली संस्था दहा हजारांच्या पुढे गेली. एकट्याच्या खोलीत दोन-दोन खाटा आल्या, तीन वसतिगृहांना मिळून एक मेस आली, बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. उंच इमारतीत लिफ्ट असते, पण व्हरांडा आखूड असतो. विंग या गोष्टीला त्यामुळे थोडा धक्का बसला. तरी नव्या इमारतींतही एका मजल्यावरची मुले स्वतःला एक विंग मानतात आणि एकत्र सहलीला जातात.

या इतिहासात अंधाऱ्या जागाही आहेत. नव्या मुलांची ओळख करून घेण्याच्या नावाखाली होणारी छळवणूक हा देशभरातल्या वसतिगृहांचा जुना रोग. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर ती कायद्याने कठोरपणे रोखली गेली. पवईत त्याच्या जोडीला वरच्या वर्गातील मुले नव्या मुलांचे मार्गदर्शक म्हणून नेमण्याची पद्धत रुजली आणि ती नियमापेक्षा अधिक उपयोगी ठरली. २०२३ साली बारा, तेरा आणि चौदा नंबरच्या वसतिगृहांच्या सामाईक मेसमध्ये सहा टेबले फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखण्यावरून वाद झाला. विरोध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. ज्या देशात कोण कोणाच्या पंगतीला बसतो यावरून माणसाची पायरी ठरवली गेली, तिथे एका टेबलावर बसून जेवणे ही मेसची सर्वांत मोलाची देणगी आहे. तिला छेद देणारी कोणतीही वाटणी मैत्रीच्या मुळावर येते. जात, भाषा, रँक किंवा पैसा यांमुळे एखादा मुलगा व्हरांड्यातल्या घोळक्याबाहेर राहत असेल, तर ती त्या घोळक्याची जबाबदारी आहे.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे वसतिगृहे रिकामी झाली. जूनच्या अखेरीस पुढचे सत्र पूर्णपणे ऑनलाइन घेण्याचे जाहीर करणारी आयआयटी मुंबई ही देशातल्या मोठ्या संस्थांतील पहिल्या काहींपैकी होती. व्याख्याने चालू राहिली, परीक्षा झाल्या, पदव्या मिळाल्या. पण त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मुलांना मेस, विंग, पॅफ यांपैकी काहीच प्रत्यक्ष लाभले नाही. वर्गमित्रांचे चेहरे त्यांना पडद्यावरच्या चौकटींत दिसत होते. वसतिगृहे पुन्हा भरली तेव्हा वरच्या वर्गांतील मुलांना एक वेगळेच काम करावे लागले. वर्षानुवर्षे आपोआप पुढे जाणाऱ्या घोषणा, खेळांचे संकेत, पॅफची कारागिरी आणि मेसचे हिशेब हे सगळे नव्यांना मुद्दाम बसवून शिकवावे लागले. मधली एक फळी निसटली असती तर साठ वर्षांची परंपरा तुटली असती. ती तुटली नाही, याचे श्रेय त्या मुलांना द्यायला हवे.

वर्षाच्या शेवटी प्रत्येक वसतिगृहात निरोपाचा कार्यक्रम होतो. त्याला ‘व्हॅल्फी’ म्हणतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाबद्दल कोणीतरी बोलते: पहिल्या वर्षी तो कसा घाबरलेला होता, कोणत्या सामन्यात त्याने हातातला झेल सोडला, कोणाच्या आजारपणात तो रात्रभर रुग्णालयात बसून राहिला. गुणपत्रिकेत ज्याचे काहीच उठून दिसत नाही, अशा मुलाबद्दलही त्या रात्री दहा मिनिटे मनापासून बोलले जाते.

या बांधिलकीचे मोजमाप संस्थेच्या हिशेबाच्या वह्यांतही सापडते. नीलेकणींनी प्रवेशाला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०२३ साली संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. त्याआधी दिलेल्या ८५ कोटींतून इतर कामांबरोबर नवी वसतिगृहेही उभी राहिली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १९९८ च्या तुकडीचे दोनशेहून अधिक माजी विद्यार्थी रौप्यमहोत्सवी भेटीसाठी एकत्र आले आणि त्यांनी मिळून ५७ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. कोणत्याही एका तुकडीने तोवर दिलेली ती सर्वांत मोठी रक्कम होती. आधीचा ४१ कोटींचा विक्रम १९७१ साली बाहेर पडलेल्या तुकडीच्या नावावर होता.